चित्रातल्या क्रिशला हाडं नसतात

तुमच्या घरात तीन-चार वर्षांपासून दहा वर्षांपर्यंतचं मूल असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. तुम्ही भंडाऱ्यात राहा, तुमसरात राहा, की लाखांदूरकडच्या एखाद्या खेड्यात. काळा मुखवटा लावून या छपरावरून त्या छपरावर झेप घेणारा क्रिश तुमच्या मुलाला बहुतेक ठाऊक असेल. सिनेमातला नाही, तर कार्टूनमधला. त्या कार्टूनबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे.

ते बंद करा, असं मी म्हणत नाही. मूल ते पाहत असताना त्याच्याजवळ बसा, एवढंच म्हणतो. का बसायचं आणि बसून काय करायचं, ते सांगतो.

आधी हा क्रिश आला कुठून ते पाहू. राकेश रोशन यांचा ‘कोई... मिल गया’ २००३ साली आला. परग्रहावरून आलेला निळा जादू त्यातलाच. २००६ साली ‘क्रिश’ आला आणि २०१३ च्या दिवाळीत ‘क्रिश ३’. त्याच २०१३ साली कार्टून नेटवर्कवर ‘किड क्रिश’ हा कार्टूनपट आला. त्यात क्रिश लहान पोर आहे. मग ‘मिशन भूतान’, ‘मिस्ट्री इन मंगोलिया’, ‘शकालाका आफ्रिका’ असे पुढचे कार्टूनपटही निघाले. मोठ्यांसाठी काढलेल्या सिनेमाचा नायक असा लहान होऊन मुलांच्या टीव्हीवर आला.

इथे एक फरक पडतो. तो आपल्या लक्षात येत नाही.

सिनेमा पाहायला आपण सगळे मिळून जातो. मूल आईच्या मांडीवर असतं. पडद्यावर मोठी उडी आली की बाप म्हणतो, “अरे, त्याला तार बांधलेली असते.” मूल ऐकतं. कार्टूनच्या वेळी तसं कोणी नसतं. दुपार असते, मोठी माणसं कामात असतात. मूल एकटंच पाहतं, आणि तोच भाग पुन्हा पुन्हा पाहतं. पडद्यावरचा नायकही आता त्याच्याच वयाचा असतो. ‘मोठा झाल्यावर करीन’ म्हणायला जागाच उरत नाही. मुलाला वाटतं, हा करतो तर मीही करीन.

शिवाय सिनेमातला माणूस हाडामांसाचा असतो. त्याला घाम येतो, लागतं, रक्त येतं. कार्टूनमधलं अंग रेघांचं असतं. ते उंचावरून पडतं, चपटं होतं, झटकून उठतं. रेघेला हाड नाही, तर मोडणार काय? हे तुम्हाला कळतं. चार वर्षांच्या मुलाला धड कळत नाही. सात वर्षांच्या मुलाला कळतं, पण खेळाच्या भरात ते विसरून जातं.

तुमच्यापैकी कित्येक जण ‘शक्तिमान’ पाहत मोठे झाले असतील. १९९७ साली तो दूरदर्शनवर सुरू झाला. अंगणात हात वर करून गरगर फिरला असाल. त्या मालिकेत एक गोष्ट फार चांगली होती. गोष्ट संपली की शक्तिमान मुलांशी बोलायचा. चांगल्या सवयी सांगायचा, काय करू नये ते सांगायचा. कार्टून संपल्यावर असं बोलायला आता कोणी येत नाही. दुसरंच कार्टून सुरू होतं. म्हणून ते बोलणं तुमच्याकडे आलं आहे.

आज संध्याकाळीच सुरुवात करा. मूल कार्टून लावेल तेव्हा शेजारी बसा. पहिल्या दिवशी काहीच शिकवू नका, नुसतं पाहा. मूल कुठे हसतं, कुठे श्वास रोखतं, कुठे उठून उभं राहतं, ते बघा. दुसऱ्या दिवशी एखादा प्रश्न विचारा. “हा इतक्या उंचावरून पडला, मग याला लागलं कसं नाही रे?” उत्तर त्यालाच देऊ द्या. मूल म्हणेल, “तो क्रिश आहे ना!” मग सांगा, “तो कागदावर काढलेला आहे, बाबू. तुझा हात कागदाचा आहे का? बघ, इथे हाड आहे.” त्याचं मनगट त्याच्याच हातात द्या. हाड त्याला चाचपू द्या.

आणि सिनेमातलंही सांगा. ‘क्रिश’मधल्या उड्या बसवायला टोनी चिंग सिउ-तुंग नावाचे हाँगकाँगचे साहसदृश्यांचे जाणकार आले होते. नटाच्या अंगाला पट्टे बांधतात, पट्ट्यांना तारा लावतात, वरून ओढून धरतात. मग संगणकावर त्या तारा पुसून टाकतात. पडद्यावर उडी दिसते, तार दिसत नाही. हे मुलांना सांगितलं की त्यांची मजा कमी होत नाही. उलट ती पुढच्या वेळी तार शोधत बसतात.

आता टीव्ही बंद करा आणि मुलाला घेऊन घराभोवती एक चक्कर मारा. मुलाच्या उंचीवरून बघा. स्लॅबला कठडा आहे का? नसेल, तर जिन्याला दार लावा आणि कडी वरच्या बाजूला बसवा. शिडी भिंतीला टेकवून ठेवू नका, आडवी पाडा. गोठ्याचं छप्पर किती उंच आहे? त्याच्याजवळ तणसाचा ढीग आहे का? असेल, तर सावध राहा. ढीग बघून मुलाला वाटतं, खाली मऊ आहे, मारावी उडी. तणसात विळा, दगड, खुंटी काहीही दडलेलं असतं.

आपला जिल्हा तलावांचा. गावोगावी मामा तलाव आहे, शेताशेतात बोडी आहे, कुठे कालवा वाहतो, आणि वैनगंगा तर आहेच. कार्टूनमधला नायक पाण्यात सूर मारतो आणि पलीकडे निघतो. बोडीच्या तळाशी गाळ असतो. पाय रुतला की पोहणाऱ्यालाही निघता येत नाही. म्हणून घरात एक नियम ठेवा आणि तो पाळाच. मोठं माणूस सोबत असल्याशिवाय पाण्याकडे जायचं नाही. कोणी बुडताना दिसलं तर मुलांनी पाण्यात उडी घ्यायची नाही. ओरडायचं, मोठ्यांना बोलवायचं, काठावरूनच दोर, बांबू नाहीतर साडी फेकायची. क्रिश असता तर उडी मारली असती, असं मूल म्हणेल. तेव्हा सांगा, दोर फेकणाराच खरा शहाणा.

रोवणीचे दिवस सगळ्यांत जोखमीचे. जुलै-ऑगस्टमध्ये माय सकाळीच रोवण्याला जाते, बापही बांधावर असतो. शाळा सुटल्यावर मूल घरी एकटं. हातात मोबाइल, बाहेर तुडुंब भरलेली बोडी. या दिवसांत चार-पाच घरांनी मिळून सोय करा. गल्लीतली एखादी आजी घरीच असते. सगळी पोरं तिच्या छपरीत बसू द्या. कार्टून तिथेच पाहू द्या, पण वेळ ठरवून. तिच्या चहा-भाजीचं तुम्ही बघा. पैसा लागत नाही, बोलून ठरवावं लागतं.

मुलांच्या पोशाखाकडेही लक्ष असू द्या. तान्ह्या पोळ्याला आपली मुलं लाकडी बैल घेऊन नटूनथटून निघतात. दिवाळीनंतर मंडई भरते, तिथे खेळणी आणि मुखवटे दिसतात. मुलाने क्रिशचा मुखवटा मागितला तर घेऊन द्या, हरकत नाही. फक्त डोळ्यांची भोकं मोठी आहेत का बघा. बारीक भोकांतून बाजूचं दिसत नाही आणि मूल तसंच रस्त्यावर धावतं. मुखवटा लावून सायकल नाही, जिना नाही, झाड नाही. मानेभोवती ओढणी किंवा टॉवेल गाठ मारून बांधू देऊ नका. झोक्यात, खाटेच्या खुरात, फाटकाच्या सळईत ती अडकते आणि फास बसतो. पाठीवर कापड हवंच असेल, तर खांद्यावर दोन टाचण्यांनी हलकं लावा, ओढलं की सुटेल असं. नायलॉनचा पोशाख घालून चुलीजवळ आणि दिवाळीत फटाक्यांजवळ जायचं नाही.

मुखवट्यावरून मुलाला एक गोष्ट जरूर सांगा. ‘क्रिश’मध्ये सर्कशीला आग लागते. आत मुलं अडकलेली असतात. सिनेमाचा नायक कृष्णा याने आजीला शब्द दिलेला असतो, की आपली ताकद कोणाला दाखवणार नाही. म्हणून तो तुटका काळा मुखवटा उचलतो, चेहरा झाकतो आणि मुलांना वाचवतो. त्याने मुखवटा लावला तो आपलं नाव होऊ नये म्हणून. मग मुलाला विचारा, “तू आज कोणाचं काम कोणाला न सांगता केलंस?” हा खेळ पोरांना आवडतो. कोणी आजीचा चष्मा शोधून ठेवतं, कोणी वासराला पाणी दाखवतं.

वेळेचं बोलू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली लहान मुलांसाठी सांगितलं आहे, की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा अजिबात नको. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभराहून जास्त नको, आणि कमी तितकं बरं. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही म्हणणं असंच आहे. दोन वर्षांच्या आत काही नाही, पाच वर्षांपर्यंत तासभर, त्यापुढे दोन तासांच्या आत. टीव्ही आणि मोबाइल मिळून.

जेवताना कार्टून लावू नका. मोबाइल दाखवला की मूल पटापट गिळतं, म्हणून आपण लावतो. पण पोट भरलं की नाही, हे त्याला कळेनासं होतं. आणि उद्या मोबाइलशिवाय ते तोंड उघडत नाही. झोपण्याआधी तासभर पडदा बंद. रडेल. दोन-चार दिवस रडेल. तेवढे दिवस तुम्ही स्वतःचाही मोबाइल बाजूला ठेवा, नाहीतर तुमचं ऐकणार कोण?

टीव्हीपेक्षा मोबाइलची काळजी जास्त घ्या. टीव्हीच्या चॅनलवर काय दाखवायचं याला कायद्याचे नियम आहेत. मोबाइलवर एकामागून एक व्हिडिओ आपोआप सुरू होतात, आणि ते कोणी बनवले हे कळत नाही. २०१७ साली जगभर बोभाटा झाला होता. मुलांच्या ओळखीची कार्टूनची पात्रं घेऊन कोणीतरी भीतीदायक, घाणेरडे व्हिडिओ बनवून यूट्यूबवर टाकले होते. वरून चित्र ओळखीचं, आत भलतंच. म्हणून हे करा. आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होण्याची सोय बंद करा. जमत नसेल तर शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सांगा, मिनिटभराचं काम आहे. लहान मुलाला यूट्यूब किड्स लावून द्या. आवाज मोठा ठेवा आणि मोबाइल कोपऱ्यात नाही, चारचौघांत पाहू द्या. रात्री दिवसभरात काय काय पाहिलं ते उघडून बघा.

नवीन सिनेमांचीही अशीच कार्टून निघतात. ‘कल्की २८९८ एडी’ सिनेमा २०२४ च्या जूनमध्ये आला. त्याआधी मे अखेरीस प्राइम व्हिडिओवर ‘बुज्जी अँड भैरव’ हे दोन भागांचं कार्टून आलं. कार्टून म्हणजे लहान मुलांचंच, असं धरून चालू नका. प्राइम व्हिडिओसारख्या ठिकाणी कार्यक्रमावर वयाची खूण असते. २०२१ च्या नियमांनी ती बंधनकारक केली आहे. ‘यू’ म्हणजे सगळ्यांसाठी. ‘यू/ए ७+’, ‘१३+’, ‘१६+’ म्हणजे त्या वयाखालच्या मुलाने मोठ्यांच्या सोबतीने पाहावं. ‘ए’ म्हणजे फक्त मोठ्यांसाठी. लावण्याआधी ती खूण वाचा. मुलालाही वाचायला शिकवा.

आणि क्रिशचा गेम फुकट, इथे दाबा, असं काही आलं तर मुलाने दाबायचं नाही, तुम्हाला आणून दाखवायचं. ज्या मोबाइलवर बँकेचे संदेश येतात, तो मुलाच्या हाती शक्यतो देऊ नका. पैसे गेलेच, तर लाज धरू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा. मुलाला मारू नका. मार बसला तर पुढच्या वेळी ते लपवेल.

आता सगळ्यांत आनंदाचं काम सांगतो. मुलाला कार्टून बनवायला लावा.

जुनी वही घ्या. पानाच्या कोपऱ्यात क्रिश काढायला सांगा, दोन रेघांचा चालेल. पुढच्या पानावर तोच क्रिश थोडा वर. त्यापुढच्या पानावर आणखी वर. अशी वीस-पंचवीस पानं झाली की अंगठ्याने भरभर उलटा. क्रिश उडतो! सिनेमात एका सेकंदाला अशी चोवीस चित्रं डोळ्यांपुढून जातात. ज्या मुलाने स्वतःच्या पेन्सिलीने क्रिश उडवला, त्याला उडणं कुठून येतं ते पुरतं कळतं. तुमच्या दहा सूचनांनी जे होणार नाही, ते काम ही वही करते.

हे मराठी माणसाला नवीन नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला. त्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला होता. रोज थोडं थोडं चित्रण करत गेले. पडद्यावर ते रोप बघता बघता दाण्यातून वर आलं. ते पाहून लोकांना खात्री पटली, की हा माणूस सिनेमा काढू शकतो. पुढे १९१५ च्या सुमारास त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा छोटा चित्रपट केला. काड्या थोड्या थोड्या सरकवायच्या आणि दर वेळी चित्र घ्यायचं. पडद्यावर काड्या आपोआप चालायच्या. तुमच्या मुलाला आगपेटी देऊ नका, खराट्याच्या काड्या द्या. काम तेच होतं.

वाटाण्याऐवजी आपल्याकडे धान आहे. पऱ्हे टाकल्यापासून रोज एकाच जागी उभं राहून, एकाच वेळी मोबाइलवर एक फोटो काढायला मुलाला सांगा. रोवणीपर्यंत काढा. मग ते फोटो भरभर सरकवा. शेतातलं धान डोळ्यांसमोर वाढताना दिसेल. गावच्या शाळेतल्या गुरुजींना, बाईंना हे सांगून बघा. वर्गातली सगळी मुलं मिळून करतील. दिवाळीनंतर गावात दंडार किंवा झाडीपट्टीचं नाटक आलं, तर मुलाला पडद्यामागे न्या. रंग लावताना, दाढी चिकटवताना, राक्षसाला बिडी पिताना बघू द्या.

आता एक बोलणं थोडं नाजूक आहे, पण ते टाळून चालणार नाही.

कार्टून पाहणारं मूल एक दिवस मूळ सिनेमा मागतं. ‘कोई... मिल गया’मध्ये रोहित नावाचा मुलगा आहे. वयाने मोठा, पण बुद्धीने लहान राहिलेला. पोरं त्याला चिडवतात. मग जादू येतो, सूर्याच्या शक्तीने त्याला हुशार करतो, त्याचा चष्माही सुटतो. सिनेमा म्हणून ठीक आहे. पण तुमच्या घरात किंवा शेजारी असं मूल असेल, तर हा सिनेमा त्याच्यासोबत जपून पाहा. तुमचं दुसरं मूल विचारेल, “आपल्या दादाला जादू कधी बरं करणार?” खरं सांगा. जादू येणार नाही. पण दादा शिकू शकतो, त्याच्या वेगाने. आणि सिनेमात चिडवणारी पोरं दिसतील, तेव्हा तिथेच थांबवून विचारा, “आपल्या शाळेत असं कोणाला चिडवतात का?”

आयाबापांनाही जादूची वाट पाहायची सवय लागते. कोणी अंगारा देतो, कोणी गंडा बांधतो, कोणी म्हणतो लग्नानंतर सुधरेल. त्यात वर्षं जातात. पहिली पाच-सहा वर्षं सगळ्यांत कामाची असतात.

तुमचं मूल दीड वर्षाचं झालं तरी चालत नाही, दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडून बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही, बोलता येत होतं ते विसरू लागलं आहे, असं काही दिसलं तर अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना लगेच सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यातल्या पालघरातून सुरू झाला. त्याचं डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत वर्षातून एकदा येतं. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी फुकट होते, आणि पुढचे उपचार लागले तर तेही. पथक येण्याची तारीख विचारून ठेवा. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका, लाजेने तर नाहीच. तारीख लांब असेल, तर वाट न पाहता भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात न्या.

दिव्यांग प्रमाणपत्र काढून घ्या. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारची दिव्यांगता धरली आहे, त्यात बौद्धिक दिव्यांगता आणि स्वमग्नताही आहे. प्रमाणपत्रावर चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगता असेल, तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण हा त्या मुलाचा हक्क आहे.

शेवटी पुन्हा उड्यांकडे येतो. एवढी काळजी घेऊनही एखादं मूल पडलंच, तर चोळू नका, ओढू नका, गावातल्या हाड बसवणाऱ्याकडे नेऊ नका. हात-पाय वाकडा दिसला तर तसाच फळीला हलका बांधा. डोक्यावर पडलं असेल आणि उलटी झाली, गुंगी आली, झटका आला, कानातून-नाकातून रक्त किंवा पाणी आलं, तर रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा. मान हलवू नका. उलटी होत असेल, तर मान सरळ धरून दोघांनी मिळून सगळं अंग एकदम कुशीवर वळवा. मूल शुद्धीवर असेल, तर काय करत होतं ते मायेने विचारा. त्याने खरं सांगितलं, तर डॉक्टरांनाही तसंच सांगा, किती उंचावरून, कशावर पडलं ते. हा १०८ आकडा आजच घराच्या दारामागे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.